राजवाड्याबाहेरचा बाक

जगातले राजवाडे राजांनी बांधले, पण ते नीट तपासले फक्त आमच्या दारव्ह्याच्या मामांनी. मामा कापसाचे ग्रेडर. गाडीतला चिमूटभर कापूस बोटांत ताणून धाग्याची लांबी सांगण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर गाड्या थांबल्या, बोटं काही थांबली नाहीत. लग्नात अक्षता टाकायच्या आधी ते नवरदेवाच्या शेल्याचं सूत पाहून घेत. व्हिएन्नाच्या एका राजवाड्यात तर त्यांनी दोरीपलीकडे वाकून राणीच्या पलंगाचा पडदाच चिमटीत धरला. भोंगा वाजला, रक्षक धावत आला. मामा शांतपणे त्याला म्हणाले, "घाबरू नका भाऊ, पाहून राह्यलो फक्त. माल चांगला हाये." रक्षकाला मराठी येत नव्हती, पण त्या अधिकारवाणीपुढे बिचारा वरमला. त्यानं मामांना अदबीनं बाजूला नेऊन सोडलं. मी सोबत होतो, आणि मामांना ओळखत नसल्यासारखा छताकडे बघत होतो.

खरं म्हणजे मामांना राजवाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. हौस मामीची. शाळेच्या पुस्तकातली चित्रं पाहून तिनं लहानपणीच ठरवलं होतं, एकदा तरी राजांची घरं बघायची. संसारातून सवड मिळेतो गुडघ्यांनी दगा दिला. जिने तिला चढवेनात. मग दोघांनी आपसांत ठरवून टाकलं: मामीनं बाहेर बाकावर बसायचं, मामांनी आत जाऊन पाहून यायचं आणि तिला सांगायचं. हौस मामीची, पाय मामांचे.

ते सांगणंही खास दारव्ह्याचं. "सुलतानाचं सैपाकघर म्हणजे आपल्या बाजार समितीचं गोदामच समज. अन् राजाची गादी? अवं, आपली मऊ हाये त्याच्यापेक्षा. त्याले कापूस पारखता येत नव्हता." मामी पदर तोंडाला लावून हसायची. सगळं ऐकून झालं की तिचा शेवटचा प्रश्न ठरलेला: "अवो, खिडकीतून काय दिसते?"

"झाडं. दुसरं काय दिसणार?"

मामा खिडक्यांशी रेंगाळत हे मात्र खरं. सगळे प्रवासी सिंहासनाचे फोटो काढत असायचे आणि हा गृहस्थ सिंहासनाकडे पाठ करून बाहेर बघत उभा. आमचा गाइड कपाळाला हात लावायचा.

मामी गेली. मामांनी बॅग माळ्यावर टाकली ती टाकलीच. यंदा मीच हट्टानं त्यांना पुन्हा व्हिएन्नाला घेऊन गेलो. मामा राजवाड्याच्या दारापर्यंत आले आणि तिथूनच मागे वळून मामीच्या बाकावर जाऊन बसले.

"काय झालं मामा?"

"काही नाही बा. तू जाय. मी बसतो इथंच. येऊन सांगजो मले."

मी एकटाच आत फिरलो. राणीचा पलंग पाहिला, पडदा पाहिला आणि मागच्या वेळी मामा जिच्याशी रेंगाळले होते त्या खिडकीशी सहज जाऊन उभा राहिलो. खाली बाग होती, कारंजं होतं, आणि अगदी समोर तो बाक. बाकाच्या एका कडेला मामा बसले होते, उरलेली जागा मोकळी ठेवून. मला मामीची फार आठवण आली.

बाहेर येऊन मी जमेल तसं सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "अन् खिडकीतून काय दिसते?"

मी म्हणालो, "झाडं, मामा. दुसरं काय दिसणार?"

मामांनी मान हलवली. सूत पाहावं तशी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही.