एकीवरून कापलेल्या दोघी

सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की ताईंची बालवाडी लागते. एकच लांबट खोली, बावीस मुलं, आणि भिंतीवर इतके खाली लावलेले सात आरसे की मोठ्या माणसाला त्यात स्वतःचं पोट तेवढं दिसावं. आरसे चुकलेत, असं गेल्या सव्वीस वर्षांत निदान शंभर जणांनी ताईंना ऐकवलं असेल. "बरं, बघते हं," म्हणून ताई त्यांना कटवतात.

ताई बुटक्या, घोगऱ्या आवाजाच्या आणि जन्माच्या घाईच्या. चहा उभ्यानं, तोही अर्धाच. पण एखादं मूल बटण लावायला दहा मिनिटं घेत असलं, तर ह्याच ताई हात मागे बांधून दहा मिनिटं गप्प उभ्या राहतात. तेवढा वेळ त्यांच्या जिवाचं काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक.

त्या नव्या होत्या तेव्हा कपाटातल्या गोष्टींच्या पुस्तकांत एकजात गुबगुबीत मुलं होती. आई बागेत, बाबा ऑफिसात, दारात कुत्रा. आजोबांजवळ एका खोलीत राहणाऱ्या एका पोरानं सगळी पुस्तकं उलटून पाहिली आणि विचारलं, "ताई, ह्यात मी कुठंय?" रविवारी ताईंनी पुठ्ठे कापले, भोकं पाडली आणि त्या पोराचं पुस्तक केलं: तो, आजोबा, खोली, खोलीतला स्टो. बांधलं बुटाच्या नाडीनं, म्हणजे गाठ सोडून नवं पान घालता यावं. तेव्हापासून दर वर्षी प्रत्येक मुलाचं एक 'मी'चं पुस्तक होतं. ताईंचंही असतं, आणि मुलांच्या पुस्तकांपेक्षा त्यात खाडाखोड जास्त.

मग हातांचे रंग. बाटल्यांच्या झाकणात रंग कालवायचे, मनगटावर लावून बघायचे आणि आपल्या अंगाचा रंग सापडला की त्याला नाव द्यायचं. कुणाचा दूध जास्त झालेल्या चहाचा, कुणाचा पावाच्या कडेचा, एकाचा 'बाबांच्या बुटाचा, पण पॉलिश केल्यावरचा'. हे नाव सांगताना त्याची छाती काय फुगली होती!

यंदा वर्गात जुळ्या बहिणी होत्या. थोरली आणि धाकटी, अंतर अकरा मिनिटांचं. थोरलीच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तो सुटेपर्यंत. धाकटी ब्र काढत नसे. "तिला पाणी हवंय", "तिला निळा नको", सगळं थोरलीच सांगायची. आईसुद्धा न्यायला आली की दोघींना एकच हाक मारायची, "जोडी, चला!"

मुली मोठ्या शाळेत जायच्या वेळी तिथल्या मुख्याध्यापिकांचं पत्र आलं. थोरलीला प्रवेश आहे. धाकटी स्वतःहून बोलत नसेल तर तिला आणखी वर्षभर बालवाडीतच ठेवावं. महिनाअखेर त्या स्वतः येऊन बघतील. आई जिन्यात बसून रडली. "घरी बोलते हो ती. थोरली जरा बाजूला गेली की माझ्याशी किती बोलते. एकटी मागे राहिली तर पार मिटून जाईल." ताई म्हणाल्या, "मी बघते." हे 'बघते' कटवायचं नव्हतं.

त्यांनी दोघींना वेगळं बसवलं. धाकटीला मांडीवर घेऊन पुस्तकं वाचली. काही उपयोग झाला नाही. आणि अशात ताईंनी, ज्यांना मूल न् मूल पाठ असतं त्या ताईंनी, एक घोडचूक केली.

त्या आठवड्यात अंगाचे कागद चालले होते. खाकी कागदाचं भेंडोळं उलगडायचं, प्रत्येकानं त्यावर हवं तसं आडवं व्हायचं, ताईंनी भोवतीनं जाड रेघ ओढून कापायचं, आणि मग आपला कागद आपण रंगवून भिंतीवर लावायचा. एक उडत होता, एक कमरेवर हात ठेवून भांडत होती. थोरली हातपाय ताणून अशी पसरली की कागद पुरेना. धाकटी तापानं घरी होती. भिंत तर गुरुवारी भरायची होती. ताईंनी घड्याळ पाहिलं, थोरलीच्या कागदाखाली दुसरा सरकवला आणि एका कात्रीत दोघी कापल्या. "जुळ्याच तर आहेत," त्या झाडणाऱ्या मावशींना म्हणाल्या.

धाकटी बरी होऊन आली. तिनं कागद बघितला आणि बाजूला ठेवला. आठ दिवस त्याला हात लावला नाही. "केसांना लोकर चिकटवू या? चकचकीत बटणं लावू या?" ताईंनी सगळे उपाय करून हात टेकले.

डब्याच्या सुट्टीत त्या कात्री शोधायला आत आल्या, तर खोलीत धाकटी एकटीच. कागद जमिनीवर पसरून त्यावर उताणी पडली होती आणि हात रेघेत बसवू बघत होती. डावा बसवला की उजवा बाहेर यायचा. पाय बसवले की डोकं सरकायचं. शेवटी तिनं नाद सोडला आणि कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले. तो भलामोठा आकार तिच्याभोवती रिकामा राहिला.

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तिच्याजवळ खाली बसल्या. "हा कागद तुझा नाही," त्या म्हणाल्या. "तू घरी होतीस. मी तुला न बघताच कापला. चुकले मी."

धाकटीनं मान डोलावली. तिला हे आठ दिवसांपासून माहीत होतं.

"नवा काढू? तुला हवी तशी झोप."

ती नव्या कागदावर तशीच वळली. कुशीवर, मुटकुळं करून, दोन्ही हात हनुवटीखाली. ताई रेघ ओढत पाठीवरून खाली आल्या. पेन तळपायापाशी आलं आणि आवाज आला, "गुदगुल्या होतात."

दुसरं कुणी असतं तर टाळ्या पिटल्या असत्या, मावशींना हाक मारली असती, आणि ते शब्द पुन्हा आत पळाले असते. ताई नुसत्या म्हणाल्या, "होतात ना? हळू काढते." जराशानं विचारलं, "अशी का गं झोपलीस?"

"मी रोज अशीच झोपते. ती पसरून झोपते. मग एवढीच जागा उरते."

ताईंचे डोळे भरून आले. कुणाचेही आले असते.

घरी न्यायला आलेल्या आईला त्यांनी कागद दाखवला आणि धाकटी काय म्हणाली ते सांगितलं. "दोघींना एकच गादी आहे," ती म्हणाली. "माझ्या डोक्यातच आलं नाही हो." दोन दिवसांनी मामाकडून दुसरी गादी आली. ताईंनी चुकीचा कागद घडी करून स्वतःच्या पुस्तकात घातला आणि शेजारी तारीख टाकली.

त्यानंतर धाकटी लगेच पोपटासारखी बोलू लागली, असं मुळीच नाही. दिवसाला दोन शब्द, कधी तीन. थोरली पुढे झाली की ताई म्हणायच्या, "तुझं ऐकलं, आता तिचं ऐकू." हे थोरलीला जड गेलं. एकदा तर ती रडलीही, आणि ताईंनी तिलाही मांडीवर घेतलं.

महिनाअखेर मुख्याध्यापिका आल्या. उंच, कडक इस्त्रीच्या. "आरसे फारच खाली लावलेत," त्या म्हणाल्या आणि धाकटीकडे वळल्या. "नाव काय बाळ तुझं?"

धाकटी गप्प. थोरलीनं तोंड उघडलं, आणि मग स्वतःच त्यावर दोन्ही हात दाबून धरले.

धाकटीनं मुख्याध्यापिकांचं बोट पकडलं आणि त्यांना भिंतीपाशी नेलं. "ही मी."

"अगं, बाकी सगळे ऐसपैस, आणि तू अशी का?"

"झोपलेय. पण ते जुनं आहे."

"जुनं?"

"आता मला माझी गादी आहे. आता मी अशी झोपते." असं म्हणून ती तिथंच जमिनीवर आडवी झाली आणि हातपाय ताणले, पार मुख्याध्यापिकांच्या बुटापर्यंत. "ताई, नवीन काढ ना."

ताई भेंडोळं घेऊन आल्या. कागद पसरला, धाकटी त्यावर पुन्हा पसरली, आणि मोकळं टोक परत गुंडाळलं जाऊ लागलं. "मॅडम, तेवढं टोक धरता?" ताईंनी विचारलं.

मुख्याध्यापिका इस्त्रीसकट गुडघ्यांवर बसल्या. समोर आरसा होता. त्यात त्यांना पहिल्यांदा आपलं तोंड दिसलं, आणि शेजारी कागदावरची पोर.

"दोघींचेही फॉर्म पाठवा," त्या म्हणाल्या. "वेगळ्या तुकड्यांत बसवू." आणि केस सारखे करायला त्यांनी हात उचलला.

"सोडू नका ना," धाकटी म्हणाली. "माझा कागद हलतोय."