दोन इंजिनं, एक समुद्र

अक्का, माझी थोरली बहीण, सोलापुरात डोळ्यांची डॉक्टर आहे. लक्षद्वीपच्या बेटांवर ती मोतीबिंदूची शिबिरं घ्यायची. एकदा बोट रद्द झाली आणि पेशंट किनाऱ्यावर वाट बघत राहिले. ते तिला फार लागलं. तिने आणि तिच्या डॉक्टर मित्रांनी मिळून वापरलेलं लहान विमान घ्यायचं ठरवलं. मी भाड्याच्या विमानांवर पायलट होतो.

"विमान तू निवड," ती म्हणाली. "चालवणारही तूच आहेस."

पर्याय दोनच उरले होते. एक जुनं, पेट्रोलवर चालणारं, दोन इंजिनांचं. दुसऱ्याला एकच इंजिन, पण टर्बाइनचं. मंगळूर सोडलं की बेटं येईपर्यंत खाली नुसतं पाणी. माझं मन दोन इंजिनांकडे झुकत होतं. मैंदर्गीहून आलेल्या आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, तर निकालच देऊन टाकला.

"एक बंद पडलं तर दुसरं हाय की. इचारायचं काय त्यात?"

अक्का मात्र विचारत राहिली. "दुसऱ्यावर ते उडत राहील ना? सगळं सामान भरलेलं असताना?"

"राहील," मी म्हणालो.

"मग दाखव."

चाचणी मंगळूरला ठरली. शिबिराची यंत्रं आणि माणसं यांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या आम्ही मागे बांधल्या. उन्हाळा होता, हवा तापलेली. माझ्या शेजारी विमानमालकाचे पायलट बसले, हवाई दलातून निवृत्त झालेले. अक्काला मी खाली थांब म्हणालो. ती लाइफ जॅकेट घालूनच आली. तिला पोहता येत नव्हतं.

किनारा मागे पुसट दिसत होता तेव्हा आम्ही डावं इंजिन बंद केलं. पंखा थांबला. उजवीकडच्या जोर लावणाऱ्या इंजिनामुळे नाक डावीकडे ओढलं जाऊ लागलं, मी उजव्या पायाने पेडल दाबून धरलं. विमान सरळ झालं. पण उंची दाखवणारा काटा थांबेना. हळूहळू, अगदी शांतपणे, तो खाली येत होता.

"पूर्ण ताकद दिलीय?" मी विचारलं.

"दिलीय," पायलट म्हणाले. "आता सुरू करू या डावं."

ते सुरू होईना. पंखा जड होऊन फिरायचा, खोकल्यासारखा आवाज यायचा आणि पुन्हा थांबायचा. किनाऱ्याकडे वळताना मी विमान फार कलवलं नाही. कलवलं की उंची आणखी जात होती. चालू इंजिनाचं तापमान चढत होतं. खाली मच्छीमारांच्या होड्यांचे रंग ओळखू येऊ लागले.

मागून अक्काचा आवाज आला, ऑपरेशन टेबलापाशी बोलते तसा. "गोण्या टाकता येतील का?"

"दार उघडू नको. पट्टा घट्ट कर."

तिने पट्टा ओढून घट्ट केला. पायलटांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी इंजिन धडधडत पेटलं. धावपट्टीवर चाकं टेकली तरी माझा पाय पेडलवरून उचलवत नव्हता.

पायलटांनी मान खाली घातली नाही, सबबही सांगितली नाही. "भरलेल्या विमानाचं उन्हात हे असंच असतं," ते म्हणाले. "दुसरं इंजिन कधी कधी पडायला थोडा वेळ देतं, इतकंच."

सोलापूरला परतल्यावर दादांना हे पटवायला दोन जेवणं गेली.

"मंग एकच इंजन? आन ते बंद पडलं तर?"

"तर समुद्रात उतरायचं," अक्का म्हणाली. "टर्बाइन कमी वेळा बंद पडतं. पण पडणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून उतरायला शिकायचं."

आम्ही टर्बाइनचं विमान आणि फुगणारा तराफा घेतला. मग तो तराफा घेऊन अक्का मैंदर्गीच्या आमच्या विहिरीत उतरली. काठावर दादा कासरा धरून उभे. जॅकेट फुगलं तशी ती डोळे मिटून पाण्यावर पडून राहिली, ओठ निळे पडलेले.

"वर घेऊ का?" दादांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आधी तराफ्यावर चढू दे."