दसऱ्याच्या पूजेतला लॉय

सूर्यकांत मेस्त्रींच्या शारजातल्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये दसऱ्याचा एक नियम होता. पूजेत बसलेलं अवजार दुसऱ्या दिवसापर्यंत जागचं हलवायचं नाही. वडिलांनी मालवणात घालून दिलेला हा नियम मेस्त्रींनी इथल्या वाळूतही पाळला होता, मग गिऱ्हाईक कितीही तणतणो.

यंदा पूजेतल्या अवजारांच्या ओळीत एक पाहुणा होता. दुबईच्या अल बर्शात राहणारे आयरिश मास्तर डेक्लन रिटायर होऊन कायमचे गावी निघाले होते. वडिलांचं बटाट्याच्या शेतात खणायचं अवजार ते दांडा बदलायला देऊन गेले होते. लांबट अरुंद पातं, आणि पाय दाबायला एकाच बाजूला पायरी. ती बापाच्या बुटानं खोलगट झिजलेली. मेस्त्रींनी दांडा नवा घातला, पायरीला मात्र रंधा लावला नाही.

सकाळी कुंकू लावताना ते अडले. नाव घेतल्याशिवाय पूजा कशी करायची? त्यांनी फोन लावला.

"सर, दिस टूल, नेम क्या है?"

"लॉय," डेक्लन म्हणाले. मग पुन्हा एकदा, "लॉय. बरीच वर्षं कुणी विचारलं नव्हतं, सूर्या."

दुपारी डेक्लन स्वतःच दारात. परवाचं विमान आज संध्याकाळचं झालं होतं. "यल्ला, चल लवकर, माझा लॉय दे."

मेस्त्रींचं तोंड उतरलं. द्यावा तर वडिलांचा शब्द मोडतो, न द्यावा तर दुसऱ्याच्या वडिलांची वस्तू इथेच राहते. इकडे आड, तिकडे विहीर.

छायाताई प्रसादाची वाटी घेऊन आल्या. "अहो, दीड दिवसाच्या गणपतीला निरोप देताच ना? मग याची एकट्याची उत्तरपूजा करा की!"

मेस्त्री हसले. बायकोपुढे शहाणपण चालत नाही, हे त्यांना नव्यानं कळलं. त्यांनी लॉयवर अक्षता वाहिल्या, तो किंचित हलवला आणि पुटपुटले, "पुनरागमनाय च."

"याचा अर्थ?"

"कम अगेन, सर."

"व्हिसा खलास, सूर्या. आता कुठला येतो?"

"फिर भी बोलना पड़ता है, सर."

डेक्लननी पायरीवर बूट ठेवला. झेंडूची पाकळी चिकटलेल्या त्या खळग्यात तो बरोबर बसला. मेस्त्रींनी लॉय स्वतः टॅक्सीत ठेवला.

परत आले तर ओळीत लॉयएवढी जागा रिकामी. छायाताई म्हणाल्या, "बाकीची जरा सरकवून घ्या, बरं दिसेल."

"आज नाही," मेस्त्री म्हणाले.