चहावाल्या काकांचं भजन

सक्करदऱ्याच्या आमच्या चर्चमध्ये ड्रम आणि गिटार आले, तेव्हापासून एक काका गाण्यांच्या वेळी आत थांबत नाहीत. उपासनेनंतरचा चहा त्यांच्याकडे असतो, म्हणून कोणी काही म्हणत नाही. पूर्वी ते पुढच्या बाकावर झांज वाजवत भजनं म्हणायचे. आता पडद्यावरचे शब्द चष्मा लावून वाचतात, सगळ्यांसारखे हात वर करतात आणि दुसऱ्या कडव्याला हळूच सटकतात.

एका रविवारी मी मागोमाग गेले. "काका, बाहेर काहून येता तुम्ही?"

"आत हात वर होते वं पोरी, मन नाही होत. देव मले सोडून गेला का काय, असं वाटते."

बोलता बोलता ते अद्रक कुटत होते. भिंतीपलीकडून फक्त ड्रमचा ठोका येत होता आणि बरोबर त्याच ठोक्यावर त्यांचा बत्ता पडत होता. मग डोळे मिटून त्यांनी एक जुनं भजन धरलं. ते त्या ठोक्यावर चपखल बसलं. आवाज चढला, मान डोलू लागली, चहा उतू गेला.

इतक्यात आतलं गाणं संपलं. काकांनी डोळे उघडले.

"थांबले काहून हे पोट्टे?" ते कुरकुरले. "जा वं, त्याइले सांग, आणखी एक घ्या म्हणा."