कामाच्या ग्रुपचा नियम
काजूच्या टरफलाच्या तेलाचा उग्र वास अंगाला चिकटला की मला कट्टा गावाजवळच्या आमच्या कारखान्यातली एक दुपार आठवते. आठवीत शाळा सोडून मी नांदेडहून आले होते. मालकांनी काम दिलं, राहायला खोली दिली, त्यांचे उपकार मानतच दिवस काढत होते. कामाच्या पाळ्या मोबाईलवरच्या ग्रुपवर कळायच्या. त्यावरच टेम्पोवाल्याने एक घाणेरडा व्हिडिओ टाकला. तेलाने भाजू नये म्हणून हाताला राख लावून काजू सोलायला मला जिनं शिकवलं, ती माझ्या शेजारी कामाला बसणारी बाई सगळ्यांसमोर उठली. म्हणाली, "मालकांनू, असला काय ग्रुपवर नको, तसो नियम करा." मालक हसले. "आणखी कोणाक त्रास झालो?" म्हणत त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो व्हिडिओ पाहून मी जेवणाचा डबा तसाच बंद केला होता, तरी मी म्हणाले, "मी पाहिलाच नाही." मग नियम झाला, की ज्यांना त्रास होतो त्यांनी ग्रुप सोडावा. तिने सोडला. पाळ्या कळेनाशा झाल्या आणि महिन्याभरात तिचं काम सुटलं. जाताना मलाच म्हणाली, "वाईट वाटून घेव नको गो, तुजा घर लांब आसा." तो नियम अजून आहे. तसलं काही आलं की मी गुपचूप पुसून टाकते आणि त्याच्या खाली उद्याची पाळी शोधते.