कशालासाहेब

चहा पुढे केला तरी ते आधी "कशाला?" विचारत, आणि मग कप दोन्ही हातांनी घेत. आमच्या बहरीनच्या आयुर्विमा कंपनीत पुण्याहून आलेले ते कॉस्ट अकाउंटंट. मल्याळी क्लार्क त्यांना 'कायकू साब' म्हणत, आम्ही कशालासाहेब. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला 'अहो गायकवाड' म्हणणारे ते पहिलेच. त्या 'अहो'नंच मला घाम फुटे. वाटे, आता व्हिसा रद्द झाल्याचं सांगतात की काय.

तुबलीच्या गॅरेजांत फिरून मजुरांच्या छोट्या पॉलिसींचे हप्ते गोळा करणं हे माझं काम. कंपनी तोवर सगळा खर्च सगळ्या पॉलिसींवर सरसकट वाटून टाकी. साहेबांना ते पटेना. कोणतं काम कोणत्या पॉलिसीसाठी होतं ते बघून खर्च तिथंच टाकायचा, ही त्यांची पद्धत. "पंगतीत कोण किती जेवलं ते बघायला नको?" म्हणायचे.

त्यासाठी आम्ही प्रत्येकानं आपला दिवस कशात जातो ते लिहून द्यायचं होतं. सगळ्यांचे दिवस गच्च निघाले. चहा नाही, गप्पा नाहीत, नमाजसुद्धा नाही. "या ऑफिसात कुणी जांभईही देत नाही वाटतं," साहेब हसले. रिकामा वेळ लिहिला तर नोकरी जाईल, ही आमची भीती त्यांनी ओळखली आणि ते स्वतःच एकेकाबरोबर हिंडू लागले. माझ्याबरोबर तुबलीला आले, जुन्या टायरवर बसले. रामदुलार नावाचा वेल्डर गाडीखालून "बस दो मिनट, साब" म्हणत राहिला, आणि साहेब निवांत वाट बघत राहिले. परतताना मला झिंज भागातल्या आपल्या घरी जेवायला नेलं. त्यांची मुलं इंग्रजीत उत्तरं देत होती. "तुम्ही मराठीतच बोला, यांचे कान तेवढे शाबूत आहेत," म्हणाले.

हिशोब निघाला. छोट्या पॉलिसीचा हप्ता जेवढा, त्याहून तो आणण्याचा खर्च जास्त. साहेबांनी उपायही सुचवला होता: गॅरेजमालकानं हप्ता मजुरांच्या पगारातून कापून तीन महिन्यांनी एकदम द्यावा. वरच्यांनी हिशोब उचलला, उपाय ठेवून दिला. दारोदार वसुली खलास. हप्ता भरायचा त्यानं मनामा शहरातल्या ऑफिसच्या काउंटरवर यावं. माझंही परतीचं तिकीट काढायचं ठरलं होतं. साहेब आत जाऊन काय बोलले कळलं नाही, पण बाहेर येऊन म्हणाले, "उद्यापासून डिस्पॅचला बसा. एसी जोरात असतो, स्वेटर आणा." मी पाया पडायला वाकलो तर मागे सरले.

काउंटर उघडा असे तेव्हा मजुरांना सुट्टी नसे. पॉलिसी एकेक करत बंद पडल्या. रामदुलारचीही पडली, आणि त्याच उन्हाळ्यात तो जॅकवरून घसरलेल्या गाडीखाली गेला.

त्याच्या भावाला साहेबांकडे मीच घेऊन गेलो. क्लेमच्या माणसाला न बोलावता, काही मिळणार नाही हे साहेबांनी स्वतःच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आपकी क्या गलती, साब," आणि नमस्कार करून गेला. साहेब दाराकडे बघत राहिले.

"हिशोब बरोबर होता हो, गायकवाड," ते म्हणाले. "काल पुन्हा करून पाहिला. बरोबरच येतो."

पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यांनी घेतलं नाही.

डिस्पॅचच्या त्या खुर्चीच्या पगारावर माझ्या दोन्ही मुली शिकल्या. साहेबांना फोन करून सांगावं असं कितीदा मनात आलं. पण ऐकून त्यांना बरं वाटेल की आणखी लागेल, हे मला कधी ठरवता आलं नाही. आता ते नाहीत.