सोजराबाईचा मुराळी

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, सोजराबाईंनी, एक देव केला होता. मातीचा नव्हे, लाकडाचा नव्हे, नुसता तोंडानं केलेला. तळवड्यात आमच्या ओसरीवर दुपारची भांडीकुंडी झाली की आळीतल्या बाया आपापल्या चिंध्या घेऊन गोधड्या शिवायला बसायच्या, आणि सोजराबाई सुईत दोरा ओवता ओवता त्या देवाच्या मुलखात शिरायच्या. मी त्यांची धाकटी जाऊ, गोजाबाई. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, मध्येच काहीतरी बोलून गोष्ट मोडते म्हणून त्या मला पाठीमागं बसवायच्या. पण मी शब्द न शब्द ऐकायचे.

त्या मुलखाला त्या पल्याड म्हणायच्या. कुठल्या नदीच्या पल्याड, कुठल्या डोंगराच्या, ते विचारायचं नाही. तिथं नद्या चढाला वाहतात. झाडं रातोरात गाव बदलतात, म्हणून सकाळी उठून लोक आधी आपला आंबा कुठं गेला ते बघतात. आभाळात चंद्र दोन, एक मोठ्या घरांचा आणि एक रोजगाऱ्यांचा, आणि रोजगाऱ्यांच्या चंद्राला कधी सुट्टी नाही. बाया हसून हसून बेजार व्हायच्या. मग सोजराबाई आवाज खाली आणून म्हणायच्या, "आता तो आला." की सगळ्यांच्या सुया थांबायच्या.

तो म्हणजे पल्याडचा मरणाचा देव. त्याला रेडा नाही, फास नाही, लाल डोळे नाहीत. तिथं मरण घेऊन येतो तो मुराळी. सणाला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, अगदी तसा. अंगात धुवट बंडी, खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गठुडं, आणि नदी उतरून आल्यामुळं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तोंडावळा ज्याच्या त्याच्या भावाचा. तो दारात येतो, पण आत पाऊल टाकत नाही. घरातल्या थोरल्या बाईला हात जोडून एवढंच विचारतो, "मावशी, पाठवता का?"

"आन् न्हाई म्हणलं तर?" कुणीतरी विचारायचंच.

"न्हाई म्हणायला कारण लागतं," सोजराबाई म्हणायच्या. "माणसाच्या हातात अर्धं काम असलं, तर म्हणायचं, तिचं काम राहिलंय, उरकलं की या. तो रीतीचा देव हाय. आल्या पावली माघारी जातो."

म्हणून म्हणे पल्याडची माणसं कुठलंच काम पुरं करत नाहीत. आमच्या आळीतल्या बायांनी हसत हसत ते उचललं. गोधडी शिवून झाली तरी एक कोपरा सुईसकट उघडा ठेवायचा. घरात कुणी आजारी असलं तर हमखास. मी म्हणायचे, अगं, थंडी काय कोपरा बघून वाजते? पण माझ्याही गोधडीचा कोपरा उघडाच असायचा, कशाला खोटं बोलू.

हा देव त्यांना सुचला कुठून, ते मला ठाऊक होतं. त्यांचं माहेर पवनेकाठचं. मानमोडीची साथ आली तेव्हा त्या एवढीशी पोर होत्या, पण लग्न होऊन तळवड्यात आलेल्या. माहेरी आई, बाप, दोघे भाऊ, सगळे त्या साथीत गेले. चूल पेटवायला माणूस उरलं नाही. पुढं दर पंचमीला गावात घरोघर मुराळी यायचे, आणि ही पोर दिवसभर अशा जागी काम काढून बसायची की जिथून वाट दिसेल. एकदा सासू म्हणाली, "कशाला वाट बघतीस? तुझा आता एकच मुराळी यायचा." आमची सासू तोंडाची फार कडू होती. दुसरी कुणी असती तर ते बोलणं काळजात धरून झुरली असती. सोजराबाईंनी त्या बोलण्याला बंडी घातली, खांद्यावर घोंगडी दिली आणि त्याला भाऊ केला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

त्यांचा एकुलता मुलगा सोपान. नवरा लवकर गेला, सोपानला त्यांनीच वाढवलं. सोपान देहूरोडला डेपोत हमालीला लागला आणि आठवड्यानं घरी यायचा. त्याची बायको शालन, नदीपलीकडच्या निघोज्याची. गोड पोर होती. सासूच्या गोष्टी तिला सगळ्यांत जास्त आवडायच्या. पल्याडच्या कोंबड्या काय बोलतात ते ती आणखी घालून सांगायची, आणि सोजराबाई म्हणायच्या, "घ्या, आता हीच मला शिकवणार." सासू-सुनेचं असं गूळपीठ मी दुसरं पाहिलं नाही. शालनचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, पण ते मूल जगलं नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला सोजराबाईंनी तिला ठेवून घेतलं. पौषात मुलगी झाली. पाचवी पुजली आणि त्याच रात्री शालनला ताप भरला.

सुईण म्हणाली, वारं लागलं. शेक झाला, शेगडी झाली, काढे झाले. ताप हटेना. शालन आधी बडबडली, मग नुसती पडून राहिली. ती बाळासाठी जुन्या लुगड्याचं दुपटं शिवत होती, त्याचा एक कोपरा राहिला होता. सोजराबाईंनी ते दुपटं सुईसकट तिच्या उशाखाली ठेवलं आणि तिला बजावलं, "हात लावू नगंस याला." तेव्हा मला ते नुसतं मायेचं वाटलं.

तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी सोजराबाई अंगण झाडत होत्या. शालनचा भाऊ ज्योतीराम आला. तो पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर होता, तापाचा निरोप त्याला तिथंच मिळाला. औषधाचा कारखाना उठत होता तिथं. तिथल्याच कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बाळंतिणीच्या तापावर आता इंजेक्शन आहे, पुण्याला दवाखान्यात नेली तर बाई वाचते. तो तसाच निघोज्याला गेला, बैलगाडी जुंपली, आणि बैलांच्या पुढं चालत इंद्रायणी उतरून आला. खांद्यावर घोंगडी, हातात वाटेसाठी आईनं दिलेलं भाकरीचं गठुडं. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि रीतीप्रमाणं हात जोडले.

"मावशी, शालूला न्यायला आलोय. चिंचवड ठेसनापर्यंत गाडीनं, तिथनं रेल्वेनं पुण्याला. पाठवता का?"

सोजराबाईंनी त्याच्या पायांकडं पाहिलं. खराटा टाकला, मागं सरकत सरकत घराच्या दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"तिचं काम राहिलंय," त्या म्हणाल्या. "उरकलं की या."

 त्यांना काय दिसलं ते मला त्याच क्षणी कळलं. मी धावत जाऊन त्यांचा खांदा धरला. "बाई, अवो ज्योतीराम हाय त्यो. आपला ज्योतीराम."

"मला काय दिसत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "त्यो भावाच्याच रूपात येतो."

ज्योतीराम गोंधळला, मग विनवू लागला, मग रडला. मी भांडले. मी म्हटलं, तुमची गोष्ट चुलीत घाला, पोर जाईल हातची. आळीतल्या बाया जमल्या. पण एकीनंही माझी बाजू घेतली नाही. अर्ध्यांना देवाची भीती, आणि अर्ध्या म्हणाल्या की बारावं झाल्याशिवाय बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं, त्यात एवढ्या थंडीत. माझे मालक वहिनीपुढं मान वर करत नसत, ते गोठ्यात जाऊन बसले. आणि ज्योतीराम तरी काय करणार? बहिणीच्या सासूला हात धरून बाजूला करायचं, हे त्याच्या हातून होईना. मला आजही वाटतं, करायला हवं होतं.

शेवटी त्यानं डोळे पुसले. "दाजींना आणतो देहूरोडनं," तो म्हणाला. "मग बघतो कोण अडवतं ते." गाडी तिथंच सोडून तो पळत गेला.

शालन आत पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. दुपारी मी कापसाच्या वातीनं बाळाला दूध पाजत बसले होते, तेव्हा तिनं हाक मारली. "काकी, मला जरा बसवा." बऱ्याच वेळानं शुद्धीत बोलली म्हणून मला आनंद झाला. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं. तिनं उशाखालचं दुपटं ओढलं आणि मांडीवर घेतलं.

"दादा येतोय ना परत," ती म्हणाली. "आत्याबाई म्हणत्यात काम राहिलंय. उरकून ठेवते. मग त्या न्हाई म्हणायच्या न्हाईत."

पोरीला जगायचं होतं हो. भावाबरोबर जायचं होतं. टाके वेडेवाकडे पडत होते, सुई दोनदा बोटात गेली. सोजराबाई दारात आमच्याकडं पाठ करून बसलेल्या, नजर नदीच्या वाटेवर. शालननं शेवटचा टाका घातला आणि दोरा दातानं तोडला. मग मला म्हणाली, केस बांधून द्या, माहेरी अशी कशी जाऊ. मी वेणी घातली. मग तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली.

"आत्याबाई, झालं बघा. आता पाठवा."

सोजराबाई वळल्या. त्यांनी शिवलेला कोपरा पाहिला.  आत येऊन त्यांनी ते दुपटं हिसकावलं आणि नखांनी टाके उसवायला लागल्या. पण शालननं इतक्या घट्ट टाक्यांनी शिवलं होतं की एकही टाका निघेना. तोवर पोरीची मान माझ्या खांद्यावर कलली होती.

डेपोतनं सोपानला सोडायलाच दुपार टळली होती. दिवेलागणीला तो आणि ज्योतीराम धापा टाकत आले. सोजराबाई पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसल्या होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी वाट मोकळी केली.

पुण्याला नेली असती तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. ज्योतीराम म्हणतो वाचली असती, आणि मी त्याच्या बाजूची आहे. दिवसकार्य झाल्यावर तो बाळाला दुपट्यात गुंडाळून निघोज्याला घेऊन गेला. जाताना म्हणाला, या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. एव्हाना कुणीतरी त्याला ती सगळी गोष्ट सांगितली होती. सोपान डेपोजवळच खोली घेऊन राहिला. आईला पैसे पाठवायचा, पण आईशी बोलायचा नाही.

सोजराबाईंनी त्यानंतर पल्याडचं नाव काढलं नाही. बाया यायच्या, बसायच्या, गोधड्या शिवायच्या. ओसरीवर नुसते दोरे ओढल्याचे आवाज. हळूहळू सगळ्यांनी आपापले उघडे कोपरे मुकाट्यानं शिवून टाकले. सोजराबाईंचं मात्र भलतंच सुरू झालं. हातातलं काम पुरं केल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत. पायलीभर दळायला घेतलं तर शेवटचा दाणा दळूनच थांबायच्या. संध्याकाळी घरात एक भांडं खरकटं नाही, एक चिंधी शिवायची राहिली नाही. मग उंबऱ्यावर बसून वाटेकडं बघत राहायच्या.

मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. एकदा मी म्हणाले, "बाई, जेवून घ्या. कुणाची वाट बघताय?"

"त्यो माझ्याकडं आता यायचा न्हाई, गोजा," त्या म्हणाल्या. "मी त्याला दारातनं माघारी लावला."

अशी तीनेक वर्षं गेली. मग त्यांनी अंथरूण धरलं. पोटात अन्न ठरेना, नुसता हाडांचा सापळा उरला, पण जीव काही जाईना. सोपानला निरोप धाडला. तो आला, कोपऱ्यात बसून राहिला, आईशी अवाक्षर बोलला नाही. तेव्हा मी पदर खोचला आणि निघोज्याला गेले.

"मेली तरी यायचो न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

"तिच्यासाठी नगंच येऊ," मी म्हणाले. "पोरीला आजी दाखव आन् जा. मोठी झाली की इचारंल तुला, कशी होती माझी आजी. काय सांगशील?"

 मी तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या वेळी दारात सावली पडली. ज्योतीराम. पोर खांद्यावर, आणि पोरीच्या हातात तेच दुपटं, त्याच्याशिवाय तिला झोप येत नसे म्हणे. नदी उतरून आलेला. आत यायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा.

सोजराबाईंनी डोळे उघडले. त्याच्या ओल्या धोतराकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"मला न्यायला आलास?" त्यांनी विचारलं.

 मला वाटलं, आता हा काहीतरी तोडून बोलणार, आणि बोलला असता तर मी त्याला अडवलं नसतं. त्यानं पोरीला खाली उतरवलं. कोपऱ्यातल्या सोपानकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळला, कारण सोजराबाईंमागं घरात थोरली बाई मीच होते, आणि हात जोडले.

"मावशी, पाठवता का?"

सोजराबाईंचा हात माझा हात शोधत आला. "गोजा, माझं काय राहिलंय का गं?"

पोर उंबऱ्याशी उभी होती. दुपट्याचा तो वेडावाकडा कोपरा तिनं तोंडात धरला होता. मी तिच्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या सोपानकडं, तिच्या बापाकडं.

"काय राहिलं न्हाई, बाई," मी म्हणाले. "पाठवते."

ज्योतीराम उंबरा ओलांडून आत आला आणि त्यांच्या उशाशी बसला.